मी फक्त ‘दार उघडलं’ म्हणालो

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की हळव्या होतात. माझं तसं होणार नाही. मी दारावरच्या अलार्मचा एक जुना ट्रान्समीटर आहे, साबणाच्या डबीएवढा, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

मस्कतला नोकरी करणाऱ्या जयवंताने मला बोरीवलीला आणलं, त्याच्या बहिणीच्या, म्हणजे उत्तराच्या घरी. त्याच बॅगेतून एक व्हीसीआर आला होता. अख्ख्या बिल्डिंगमधला पहिला. स्टँड येईपर्यंत त्याला जमिनीवर चक्क पाटावर बसवलं आणि कुंकू लावलं. त्याच्यावर चोरांचा डोळा जाऊ नये म्हणून मी. मला कोणी कुंकू लावलं नाही.

रविवारी जयवंताने मला दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूने बसवलं. भोकं पाडताना रंगाचे टवके उडाले म्हणून उत्तराचे यजमान शरच्चंद्र कुरकुरले. माझ्या शेजारी, दारावर, लोहचुंबकाची पट्टी लावली. दार मिटलेलं असलं की पट्टी माझ्याजवळ असे. दार उघडलं की ती लांब जाई आणि मी आतल्या कपाटावरच्या पेटीला बिनतारी निरोप धाडत असे: दार उघडलं. मग अर्ध्या मिनिटात पेटीचा खटका बंद केला तर ठीक, नाहीतर गॅलरीतला भोंगा बोंबलायचा. मला ते एकच वाक्य येतं. कोण आलं, कशाला आलं, हे मला कळत नाही. तेवढी अक्कल माझ्या पोटात घातलेलीच नाही.

भोंगा वाजवून पाहिला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. “झकास,” जयवंत म्हणाला, “आता चोराची वाट लागली.” खटक्याची गोष्ट त्याने बहिणीला समजावली, भावोजींना समजावली. शेजारच्या कमळमावशींना सांगायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कमळमावशी मूळच्या गोराईच्या कोळीण. सकाळी बाजारात मासळी विकायच्या आणि दुपारी घरी यायच्या. उत्तरा आणि शरच्चंद्र दोघंही नोकरीला, आणि नळाला पाणी यायचं नेमकं दुपारी. म्हणून या घराची एक किल्ली मावशींच्या कमरेला असायची. पाणी आलं की त्या दार उघडत, स्वयंपाकघरातलं पिंप भरत आणि नळ बंद करून निघून जात. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं.

सोमवारी दुपारी पाणी आलं. मावशी आत आल्या. मी माझं वाक्य बोललो आणि थोड्या वेळाने भोंग्याने बिल्डिंग डोक्यावर घेतली. वरच्या मजल्यावरचे सहदेवराव आणि आणखी चारजण धावत आले. मावशी ओल्या हातांनी स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

“मी पाणी भरायला आले,” त्या म्हणाल्या. “हे काय वाजतंय?”

“घरात कोणी नसताना?” सहदेवराव म्हणाले. “आणि किल्ली कुठून आली तुमच्याकडे?”

“त्यांनीच दिलीये. कधीची.”

“येऊ दे त्यांना, मग बघू. तोवर इथेच बसा.”

कोणीतरी पेटीचा खटका बंद केला आणि मावशींना जिन्यात बसवून ठेवलं. येणारे-जाणारे बघून जात होते. “अलार्मने पकडलं,” असं एकमेकांना सांगत होते. मित्रांनो, मी कोणाला पकडलं? मला ‘चोर’ हा शब्दच येत नाही. तो त्यांनी पदरचा घातला आणि माझ्या नावावर खपवला. याचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी उत्तरा आणि शरच्चंद्र आले. मला वाटलं, आता शरच्चंद्र सांगतील की किल्ली मीच दिली आहे आणि अलार्मचं सांगायला मीच विसरलो. एवढंच तर बोलायचं होतं. जिना माणसांनी भरला होता. शरच्चंद्र आधी आत गेले, व्हीसीआर पाटावर आहे ना ते पाहून आले आणि म्हणाले, “जाऊ द्या ना आता. काही गेलेलं नाही.”

चौकटीवरून सुटून त्यांच्या टाळक्यात पडावं असं मला वाटलं. पण जयवंताने स्क्रू घट्ट पिळले होते.

मावशींनी कमरेची किल्ली सोडली. “उत्तरा, ही घे गं.”

“मावशी, असं काय करता? ठेवा ना.”

“नको. तुझ्या नवऱ्याला एक शब्द बोलता नाही आला. उद्या काय हरवलं तर माझंच नाव.”

उत्तराने डोळे पुसत ती किल्ली माझ्याखालच्या खिळ्याला अडकवली.

मग पाण्याची पंचाईत झाली. उत्तरा नळाला रबरी पाइप लावून, त्याचं तोंड पिंपात सोडून, नळ थोडासाच उघडा ठेवून कामाला जाऊ लागली. एके दुपारी पाणी जोरात आलं आणि पाइप उसळून पिंपाबाहेर पडला. पाणी बाहेरच्या खोलीत आलं, उंबऱ्याला अडलं आणि चढू लागलं. स्टँड अजून आलेला नव्हता. व्हीसीआर पाटासकट भिजला. मी समोर होतो आणि गप्प होतो. दार मिटलेलं होतं, मग मी काय बोलणार?

पाणी उंबऱ्यावरून जिन्यात आलं तेव्हा सहदेवराव मावशींच्या दाराशी गेले. “मावशी, किल्ली आणा ना लवकर.”

“माझ्याकडे नाय किल्ली.”

“मग दार तोडू का?”

“तोडा की. भोंगा वाजेल फक्त.”

सहदेवरावांनी दार तोडलं नाही. त्यांनी आपल्या चपला उचलून वरच्या पायरीवर ठेवल्या.

शरच्चंद्र आणि उत्तरा घरी आले तेव्हा मावशी पदर खोचून जिना पुसत होत्या. एकेक पायरी पुसत त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या.

“आत या ना, मावशी,” शरच्चंद्र म्हणाले. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून पुढे केली. “ही तुमचीच आहे.”

“हे त्या दिवशी बोलायचं होतं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी फडकं बादलीत पिळलं आणि त्या आपल्या घरी गेल्या.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझी बॅटरी कधीच संपली आहे आणि रंगाऱ्याने चौकटीबरोबर मलाही रंगवून टाकलं आहे. तुम्ही माझ्यासारख्याला दारावर बसवाल, तेव्हा ज्यांच्याकडे तुमची किल्ली आहे त्यांना आधी सांगा. विसरलात, तर निदान चार माणसांत तोंड उघडा. ते काम माझं नव्हे.

किल्ली शरच्चंद्रांनी पुन्हा खिळ्याला लावली. ती अजून माझ्याखालीच लटकते आहे.