चर्चमधल्या दगडाचे अश्रू

"रडला! संत रडला!"

चर्चमध्ये एकच कल्लोळ उडाला. माणसं एकमेकांना रेटत पुढे सरकली. भिंतीतल्या ज्या काळ्या दगडाला ते संत मानत, त्यावरून खरोखरच थेंब ओघळत होते.

अमेरिकेतल्या श्रूजबरीजवळच्या खेड्यातलं हे चर्च मूळचं इंग्लंडचं. तिथल्या एका आडगावातलं आठशे वर्षांचं चर्च कुणा धनिकानं दगड न् दगड जहाजातून आणून इथे पुन्हा उभारलं होतं. आता इथे ब्रदर नेथन या धर्मोपदेशकाचं राज्य होतं.

"डॉक्टर बिलं देतात, संत आयुष्य देतो!" अश्रूंची बाटली नाचवत तो गर्जला. "हे प्या, औषधं फेका!"

आश्लेषाला तो पहिल्यापासून खटकला होता. ती हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवायची. पण तिची आई शैलाताई शेजारणींबरोबर इथे येऊ लागल्या आणि त्यांनी इन्सुलिनच बंद केलं. शुगर चारशेवर गेली, चक्कर येऊ लागली, तरी म्हणत, "संत बघून घेईल."

"आई, हा संत शनिवारीच बरा रडतो!"

"तुझी मास्तरकी शाळेत ठेव."

पुढच्या शुक्रवारी शाळेतून परतताना आश्लेषानं गाडी चर्चकडे वळवली. दाराला कुलूप होतं, पण मागे एसी धडधडत होता. रिकाम्या चर्चमध्ये एवढा गारवा कुणासाठी?

शनिवारी हवा चिकचिकीत दमट होती. एसी बंद, दारं नुकतीच सताड उघडलेली. लोक जमत होते. आश्लेषानं कोरड्या दगडावर स्वयंपाकघरातली फॉइल ठेवून चारी कडा टेपनं घट्ट चिकटवल्या.

"हा संताचा अपमान आहे!" ब्रदर धावून आला.

"अश्रू दगडातून येतात ना? मग फॉइलच्या आतच सापडतील."

"राहू दे ती तिथेच," शैलाताई अचानक म्हणाल्या. "बघू तरी."

थोड्या वेळानं फॉइलच्या बाहेरच्या बाजूवर थेंब जमले. आश्लेषानं ती सोलून काढली. आतला दगड ठणठणीत कोरडा!

"पाणी हवेतलं आहे. आधी एसीनं दगड गार करायचा, मग दारं उघडून दमट हवा आत घ्यायची. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं, तसंच!"

लोक वळून पाहतात तो ब्रदर मागच्या दारानं पसार.

शैलाताई बाकावर मटकन बसल्या. "मला ती रोजची सुई नको झाली होती गं."

आश्लेषाचा राग विरघळला. ती त्यांच्याशेजारी बसली. "कंटाळा येणारच, आई. पण त्या कंटाळ्यावरच असल्यांचं फावतं. देवाला खुशाल हात जोड. पण औषध सोड म्हणणाऱ्याला आधी पुरावा माग."

शैलाताईंनी डोळे पुसले. "डॉक्टरला फोन लाव. आत्ताच."