मांगूरची चाल

बाबूसिंगच्या शेततळ्यातला सरकारी बंदी असलेला मांगूर मासा दोन तळ्यांमधला धुरा ओलांडून आपल्या तळ्यात आला आणि रोहूचं सगळं बोटभर बीज खाऊन बसला, असं ममतानं नसाबीत, न्यायाच्या बैठकीत, सांगितलं तेव्हा अख्खा तांडा हसला. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ वाहिलेली माणसं. तळी खोदून मासे पाळायला लागून चारच वर्षं झाली होती.

"काहो वहिनी, माशाले पाय असते काय?" बाबूसिंग म्हणाला. "का ढाणकीच्या एस्टीनं उतरला तो तुमच्या तळ्यात?"

न्याय करणाऱ्या धरमसिंग नाईकांनाही ते पटलं. खोटा आळ घेतला म्हणून ममतानं बाबूसिंगच्या दारात जाऊन माफी मागावी, असं ठरलं. तिनं मागितली. कडेवर दहा महिन्यांची राखी होती. बाबूसिंगनं तिचा गाल ओढला. "मायसारखी खोटारडी नोको होऊ बरं, बाई."

बाकीचं ममतानं गिळलं असतं. लेकराला बोललेलं घशाखाली उतरेना. मारेगावला जिनिंगवर कामाला असलेला नवरा, बादल, फोनवर म्हणाला, "जाऊ दे ना."

"तू जाऊ दे. मले नाही जाऊ द्याचं."

तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. झिमझिम चालू असताना धुऱ्यावरच्या ओल्या गवतातून काळं, मिशाळ काहीतरी सरपटत तिच्या तळ्याकडे येत होतं. पण ते पाहायला ती एकटीच होती. आता सगळ्यांनी पाहायला हवं होतं. पोरींनी टोपल्यांत पेरलेली गव्हाची तीज बोळवायचा दिवस आठ दिवसांवर होता. त्या दिवशी सगळा तांडा नाईकांच्या अंगणात जमतो. तोवर ती कोणाला चकार शब्द बोलली नाही. राखी झोळीत झोपली की कोंबडीची आतडी गळाला लावून तळ्यावर बसायची. एकेक मांगूर ड्रममध्ये टाकायची आणि परत येऊन झोळीला झोका द्यायची.

तिजेच्या दिवशी दुपारपासून भुरभुर लागली होती. पोरी डोक्यावर गव्हाच्या हिरव्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. ममतानं ओलं पोतं अंगणाच्या मधोमध उलटं केलं.

अकरा मांगूर. क्षणभर पडून राहिले. मग गालाजवळच्या काट्यांवर अंग उचलत, कमरेत वळत, चिखलातून चालू लागले. पोरी किंचाळल्या. नाईकांनी पाय बाजेवर ओढून घेतले. एक मांगूर बाबूसिंगच्या चपलेवरून गेला आणि नालीत उतरला.

"बाबूसिंग," नाईक सावकाश म्हणाले, "मले त पाय दिसून राह्यले."

कोणी हसलं नाही. बाबूसिंगनं मान खाली घातली. त्याचं तळं उपसून मासे चुना घालून पुरायचे ठरले.

"तुले काय पाह्यजे, ममता? माफी?"

"माफी नोको, नाईक. हे नाल्यात बी उतरले आहेत. नाल्यातले यानं येचून काढाचे. रोज. हातानं."

"कवापर्यंत?"

"माही पोरगी चालाले लागेपर्यंत. मंग पुढचं तिले इचारू."

तेव्हापासून रोज सकाळी बाबूसिंग गुडघाभर पाण्यात असतो आणि ममता काठावरच्या पळसाखाली राखीला पदराखाली घेऊन बसते. पाचव्या दिवशी त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले. काट्यांनी बोटं वांग्यासारखी सुजली होती.

"वहिनी, कालपासून एक नाही सापडला. पैनगंगेत गेले असन ते कवाच. ते पोतं आठ दिवस आधी उलटं केलं असतं त नाल्यातच आडवले असते ना."

 नाला जिथं नदीला मिळतो तिकडे ममतानं पाहिलं. खाली पैनगंगेत सगळं गढूळ, भरलेलं पाणी. आठ दिवस पाऊस होता. आठ दिवस ती ड्रम भरत होती, आणि नाला वाहत होता.

राखीनं स्तन सोडला आणि मायकडे पाहून दुधाळ हसली. ममतानं तिचं तोंड पुसलं, तिला दुसऱ्या अंगावर घेतलं.

"त्या दगडाखाली नाही पाह्यलं तुमी, भाऊ," ती म्हणाली. "हात घाला."