कधी न मागितलेली भरपाई

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मामी म्हणायची. मामींच्या जिभेला त्यांच्या सुईपेक्षा जास्त धार आहे, हेही सगळ्या गल्लीला पाठ होतं. पण त्या दुपारी सूनबाई आली, हेल्मेट शिलाई मशीनवर ठेवून तशीच बसली, तेव्हा मामींनी टोमणा गिळला आणि सुई खाली ठेवली. सून अशी गप्प बसली की समजावं, पाणी नाकाशी आलंय.

रक्त तपासणाऱ्या लॅबने तिला दवाखान्यांतून नमुने आणून पोचवायचं काम देऊ केलं होतं. मोटरसायकल घरची होती. फक्त पूर्ण विम्याचा नवा कागद उद्या दहाच्या आत दाखवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि एजंटाने फोनवर जो आकडा सांगितला, तो ऐकून सूनबाईने फोनच ठेवून दिला होता.

"विमा काढतोय की गाडीचं लग्न लावतोय?" मामी म्हणाल्या. त्यांनी कपाटातून बटणांचा जुना डबा काढला. बटणं कधीच संपली होती, आता त्यात गाडीचे कागद असत. डबा काखोटीला मारून त्या सूनबाईच्या मागे गाडीवर बसल्या, स्वतःच्याच हातच्या कव्हरवर.

एजंटाचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं. मामींनी आधी खुर्चीची फाटलेली गादी बघितली, मग एजंट बघितला, आणि दोन्ही सारखेच असल्यासारखं तोंड केलं. एजंट समजुतीने सांगू लागला की काकू, आमचा नाइलाज आहे, पाच वर्षांत तीन वेळा भरपाई घेतली आहे, अशा गाडीचा विमा महागच जातो.

मामींनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून पुटपुटली, की फोनवरच्या मुलीने गाडीला कधी काही झालंय का विचारलं, म्हणून तिन्ही वेळा सांगितल्या. खडीवर घसरली ती, फाटकाला घासली ती, आणि उभी असताना वाऱ्याने पडली तीसुद्धा.

सांगणारच. घरात नेमच होता तो, आणि घातलेला मामींचाच. कपाची कड उडाली तरी त्याच दिवशी उंबऱ्यात कबूल करायची. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिने हा नेम एकदाही मोडला नव्हता.

"पडली ते खरं," मामी एजंटाला म्हणाल्या. "पण भरपाई कुणी मागितली?"

"मागितली नाही?"

"परक्यापुढे हात पसरायची आमच्यात रीत नाही. पोचे वेल्डरने काढले, सीट मी शिवली." त्यांनी डबा टेबलावर उपडा केला.

एजंटाने एकेका वर्षाचा कागद उलगडला. मग कॉम्प्युटरवर गाडीचा नंबर घालून पाहिला. भरपाईच्या जागी पाचही वर्षं शून्य. त्याने कान खाजवला आणि भरपाई घेतली का हे न विचारताच मुलीने तीन लिहिले, चूक आमची, असं पुटपुटत तो आकडा नव्याने काढू लागला. पाच वर्षं काही न मागणाऱ्याला मोठी सूट असते म्हणे. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली तेव्हा आकडा निम्म्याच्याही खाली उतरला होता.

सूनबाईने इतका लांब श्वास सोडला, की टेबलावरचा एक कागद हलला.

"खरं तर काकू, फाटकाच्या वेळची भरपाई तुमच्या हक्काची होती," एजंट म्हणाला.

मामींना हे ठाऊक नव्हतं. क्षणभर वेल्डरला मोजलेले पैसे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. "असेल," त्या म्हणाल्या. "ती गादी पाठवून द्या. शिवणारा झोपेत होता वाटतं."

प्रिंटरमधून गरम कागद आला, तो त्यांनी स्वतः डब्यात ठेवला. जिना उतरताना सूनबाई हळूच म्हणाली, "आई, मी फोनवर एवढं बोलायलाच नको होतं."

"बोललीस ते बरोबरच. यापुढे निस्तरलं कुणी, तेही सांगत जा."

सूनबाई हसली आणि गाडी सुरू केली. मामी मागे बसल्या, डबा मांडीवर धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरा हात सुनेच्या खांद्यावर टेकवला.

"हळू घे," त्या म्हणाल्या. "सहावं वर्ष चालू झालंय."