मी मेले त्या दिवशीची मखमल

मी एका मंगळवारी मेले. सकाळी आठला मरायचं आणि संध्याकाळी सहाला परत यायचं, असं ठरवूनच.

झालं असं, की डॉक्टर तपासायला आला आणि म्हणाला, "आजी, अठ्ठ्याहत्तरीत तब्येत ठणठणीत आहे. फक्त हृदय थकलंय. कामाची सोय लावून ठेवा." स्वतः आमचे दोन जिने चढून धापा टाकत होता मेला, मीच त्याला पाणी दिलं. पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. आमचं शिवणाचं दुकान. पन्नास वर्षं कापड मी बेतते. सून शिवते, काजं करते, पण कात्री मी तिला कधी दिली नाही. माझ्यामागे ही बेतणार कशी?

म्हटलं, बघूनच जावं. मेल्यावर कुठलं बघायला मिळतंय!

सुनेपुढे कात्री ठेवली. "आज संध्याकाळी सहापर्यंत मी मेलेय. काही विचारायचं नाही."

"अहो आई, आजच? आज मोठ्या बाईंचा मखमलीचा कोट बेतायचाय!"

"मरण काय तुझी वही बघून येणार?"

आणि बसले खुर्चीत, तोंडाला कुलूप लावून.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या. निवृत्तीच्या समारंभाला घालायचा होता कोट. कापड ताग्यातलं शेवटचं, बिघडलं तर दुसरं नाही.

सुनेने मखमल टेबलावर पसरून हाताने कुरवाळली. मखमलीला मांजरासारखी लव असते. एकीकडून हात सरकतो, उलटीकडून अडतो. मी जन्मभर लव पायाकडे ठेवून बेतलं. हिने कापड सरळ फिरवलं आणि लव गळ्याकडे!

मी खोकले.

"मेलेली माणसं खोकत नाहीत," खडूने रेघ मारत ती म्हणाली. वरसुद्धा बघितलं नाही.

मी काठी आपटली.

"भूत झाल्या असाल तरी बसून राहा, आई."

मी जीभ चावली. दात सगळे माझे स्वतःचे आहेत, त्यामुळे चांगलीच लागली. कात्री कापडात शिरली तसे डोळे मिटून घेतले. मरणाचं मला काही नाही, पण हे असं गप्प बसणं!

डोळे उघडले तेव्हा टाचलेला कोट पुतळ्यावर चढला होता. तीच जांभळी मखमल, पण रंग कसा गडद, विहिरीतल्या पाण्यासारखा. माझे कोट उजेडात जरा पांढुरके दिसायचे. पन्नास वर्षं मी कापडवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

पाचला मोठ्या बाई आल्या. आरशासमोर ताठ उभ्या राहिल्या. "रंग काय खुललाय! हात तुमचाच ना, आजी?"

सून माझ्याकडे बघायला लागली. मी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. सहा वाजायला अजून तास होता, बोलायची सोय नव्हती. मी काठी उचलली आणि सुनेकडे दाखवली. मेलेल्याला एवढी सूट असावी.

सहाला तिने चहा पुढे ठेवला. "आलात?"

"आले. लव वर का घेतलीस?"

"रंग गडद दिसतो म्हणून. दहा वर्षं सांगायचं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही जिवंत होतात ना!"

अशी हसले की चहा बशीत सांडला. सवयीने तिने कात्री माझ्याकडे सरकवली. मी परत तिच्याकडे ढकलली.

"राहू दे. उद्याही मी मेलेलीच आहे. चहाला तेवढी उठव."