पायडलवरचा पाय

"हाका मारून मारून घसा बसला माझा, पण ही बया ढिम्म! बापासारखीच हट्टी," आजी पडद्याआडून पुटपुटली.

हट्टी बाप पडद्याच्या अलीकडेच शिलाई मशीनवर बसला होता. त्याला ऐकू गेलं, ठकीला नाही. चार वर्षांची ठकी मशीनच्या पायाला टेकून दोऱ्यात बटणं ओवत होती.

शिंप्याचं घर ते. पुढे दुकान, मागे संसार, खाली लाकडी फळ्यांची जमीन. ठकी वर्षाची झाली तरी हाकेला वळेना, तेव्हा आजीने घरच्या घरीच परीक्षा घेतली. "चालव रे मशीन!" शिंप्याने पायडल मारलं आणि जमिनीवर बसलेली पोर गर्रकन वळली. "बघा, कान शाबूत आहेत. उगाच डॉक्टरची धन कशाला?" सगळे हसले. फळ्यांमधली थरथर तिच्या मांड्यांना कळली होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्या हसण्यावर दोन वर्षं गेली.

शेवटी आईने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी ठकीच्या कानांत यंत्रं बसवली आणि बजावलं, "झोप आणि अंघोळ सोडली तर काढायची नाहीत. बोलणं शिकायचं हेच वय. आधीच उशीर झालाय."

त्या दिवशी कात्रीच्या आवाजाला ठकी दचकली, मग खुदकन हसली. आई दिवसभर रिकामी कात्रीच वाजवत बसली.

पण ठकीची आत्या लग्नाची होती. "घराण्यात खोट आहे म्हणतील लोक," आजीचा हुकूम सुटला. "हिचं जमू दे, मग घाला खुशाल." दारात गिऱ्हाईक आलं की यंत्रं बटणांच्या डब्यात. आणि दुकानच ते, गिऱ्हाईक दिवसभर! आईने तोंड उघडलं की, "नणंदेचं लग्न मोडायचंय का?" आत्या हे ऐकायची आणि मान खाली घालून काजं करत राहायची. ठकीकडे अजून एकच शब्द होता, "आ". त्यात आई, पाणी आणि दुखतंय, सगळं बसवायचं.

आज मुलाकडची माणसं आली. डब्याचं झाकण घट्ट लागलं.

"ये गं इकडे. नाव काय तुझं?" मुलाच्या आईने ठकीला विचारलं.

आजी खोकली. ही खूण होती. शिंप्याने कुणाकडे न बघता पायडल दाबलं. ठकीने वर पाहिलं.

"लाजते हो जरा," आजी म्हणाली.

"गोड आहे."

चहाचे कप ठेवून आत्या वळली. तिने ठकीला जमिनीवरून उचललं आणि कडेवर घेतलं.

"अगं, बघ ना माझ्याकडे!"

आजी खोकली. मशीन धडधडलं. आजी पुन्हा खोकली, मशीन आणखी जोरात. ठकी आत्याच्या वेणीचं टोक गालावरून फिरवत राहिली. दारात आईने पदर तोंडाशी धरला होता.

"दादा, पाय काढ," आत्या म्हणाली.

मशीन थांबलं. मुलाच्या आईचा कप हातातच राहिला.

"ठकीला ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. "आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."