पंचवीसची कांडी

मी शिवणकाम करते. माप चुकलं तर टाके उसवायचे, पुन्हा घालायचे, विषय संपला. पण बाबांनी जुन्या गाडीचं इंजिन जेवणाच्या टेबलावर खोलून मांडलंय तेव्हापासून माझं डोकं पार भंजाळलंय. त्यातला मुख्य दांडा, क्रँक, ४४.९६ मिलिमीटरपेक्षा बारीक भरला तर मशीनवर घासून आणायचा. आणि एकदा घासला की घासला, तो काही उसवता येत नाही.

बाबांनी त्यांचा जुना मायक्रोमीटर लावला. दोन टोकांत दांडा धरला, स्क्रू आवळला. "४४.९४. गेलाय. उद्या घासायला पाठव."

मी व्हर्नियर, सरकत्या जबड्याची मापपट्टी, लावून बघितली तर पंचेचाळीस! आता खरं कुणाचं मानायचं?

मोजायचं नवं साधन घ्यायला हत्यारांच्या दुकानात गेले तर आणखीनच घोळ. एकाला काटा, एकाला आकडे, एक म्हणे भोकाच्या आतून माप घेतो.

"ताई, नक्की काय मोजायचंय?" दुकानदार म्हणाला.

"माझं नशीब!" मी करवादले. शेवटी त्यानेच एक नवा मायक्रोमीटर हातात ठेवला. मागचं बोंड फिरवायचं, पुरेसं टेकलं की कटकट वाजतं आणि तिथंच थांबायचं. मला झेपेल असं तेवढं एकच होतं.

घरी येऊन मोजलं. ४४.९८.

"नवा माल भिकारच असतो," बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षं लेथवर काढलीत मी. शेवटच्या वर्षी तो क्वालिटीवाला मी केलेले जॉब माप चुकलं म्हणून परत पाठवायचा. स्वतःला माप घेता येत नव्हतं गाढवाला! म्हणून तर लाथ मारली नोकरीला."

ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. मान डोलावत मी नव्या मायक्रोमीटरची डबी आवरायला घेतली, तर तळाशी बोटाच्या पेराएवढी कांडी दिसली. तिच्यावर २५ कोरलेलं. दुकानदाराला फोन केला.

"ती बरोबर पंचवीस मिलिमीटरच असते ताई. मायक्रोमीटर खरं बोलतोय का, ते तिच्यावर तपासायचं."

नवा लावला, २५.००. बाबांचा जुना लावला, तोही २५.००. अगं बाई! दोन्ही खरे, मग ते ४४.९४ आलं कुठून?

"बाबा, तुमचा तुम्ही लावून बघा बरं."

२४.९६. पुन्हा लावला, पुन्हा २४.९६. मी आकड्याकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"केवढं आवळताय बाबा!"

"कुठे आवळतोय? आत्ता कुठे टेकलंय."

जीभ चावली मी, पण उशीर झाला होता. ती कांडी घरंगळून कपाटाखाली गेली असती तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. बाबा स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. अंगठा तर्जनीवर घासून बघितला, दोनदा. मग मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.

"तू मोज. मी लिहून घेतो."

मी चार ठिकाणी मोजलं. चारही वेळा ४४.९८. बाबांनी ते एकाखाली एक नीट लिहिलं.

"नाही घासायचा. दांडा शाबूत आहे," ते म्हणाले. मला हायसं वाटायला हवं होतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्या क्वालिटीवाल्याचा नंबर असेल का गं कुठे?"