सासऱ्यांमधून गेलेला करंट

सून शाळेत विज्ञान शिकवायची. व्होल्टेज वाढवलं की करंट वाढतो, हे दरवर्षी त्याच त्या तारेच्या वेटोळ्यावर दाखवून तिला वीट आला होता. यंदा तिने ठरवलं, तारेच्या जागी माणूस बसवायचा. वर्गात फजिती नको म्हणून रविवारी ती जेवणाच्या टेबलावर सेल, एक नाजूक मीटर आणि स्टीलचे दोन चमचे मांडून बसली.

माणूस म्हणून सासरे आयतेच सापडले. ते समोर पेपर वाचत होते.

"बाबा, दोन्ही हातांत एकेक चमचा धरा. काही होणार नाही, रिमोटचे सेल आहेत."

"मला कसली भीती," असं म्हणून सासऱ्यांनी चमचे धरले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

एका सेलला काटा जरासा हलला. दोन लावल्यावर दुप्पट, तीन लावल्यावर तिप्पट. सुनेने कागदावर टिंबं काढली, ती एका रेषेत आली.

"बाबा, तुम्ही अगदी नियमाने वागता," ती खूश होऊन म्हणाली.

"कोण, हे?" सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. "अहो, सकाळी फिरायला जाता ते कुठपर्यंत जाता हो?"

"तळ्यापर्यंत."

काटा टुणकन उडाला.

सुनेने तारा चाचपल्या. सेल तीनच होते. "व्होल्टेज तेवढंच आणि करंट वाढला, म्हणजे मधला अडथळा कमी झाला. बाबा, तळव्यांना घाम आलाय का?"

"उकडतंय जरा."

काटा आणखी चढला. सासूबाईंनी मटार बाजूला सारले. विज्ञानात एवढी गोडी त्यांना कधीच वाटली नव्हती. "तळ्यापर्यंत जाता, की कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या बाकावर बसून गप्पा हाणता?"

काटा पार टोकाला जाऊन टेकला.

"बसतो थोडा वेळ," सासरे म्हणाले. "पण तिथवर चालतच जातो." मग चमचे पुसून त्यांनी बायकोपुढे धरले. "आता तू धर. माझा तपकिरी कोट कुठे गेला?"

"भंगारवाल्याला दिला. जुन्या पंख्याबरोबर."

काटा जागचा हलला नाही.

"अगं, लाँड्रीवाल्याने हरवला म्हणाली होतीस. मी त्याच्याशी भांडलो. अजून आमचं बोलणं बंद आहे."

"बरंच झालं. त्याने तुमची पॅन्ट जाळली होती, ते भांडण राहिलंच होतं."

काटा ढिम्म. सुनेने एकेक सेल वाढवत नेला. सासूबाईंची रेष पट्टीने आखल्यासारखी सरळ आली आणि वर्गात लावायला सुनेने तीच निवडली.

संध्याकाळी सासरे लाँड्रीवाल्याची माफी मागायला निघाले. जाताच आहात तर म्हणून सासूबाईंनी इस्त्रीचे कपडेही बरोबर दिले.